तुळसाचा नारळ

मु. खालचीवाडी, ता. मालवण
१२ नोव्हेंबर १९५७

चि. शंकर,

आधी भांडण, आशीर्वाद नंतर. पत्रांना उत्तर द्यायचं नाही असं तू ठरवलंयस, तर लिहायचं सोडायचं नाही असं मीही ठरवलंय. बघू कोण आधी दमतं! बाबांच्या तेराव्याला आलास आणि दुसऱ्याच बोटीने मुंबईला पळालास, त्यानंतर तुझं अक्षर या घराने पाहिलेलं नाही. असो. आजचं पत्र नारळ किती उतरले आणि कोणाचं बारसं झालं असलं नाही. आज तुझी आक्का पेटलीय. चुलीवर कालवण करपायला लागलंय, तरी मी उठणार नाही.

काल गणपत होडीवाला आमच्या तुळसाला खांद्यावर टाकून घरी घेऊन आला. पोर केसांपासून टाचांपर्यंत चिखलाने माखलेली, दप्तर खाडीत गेलेलं, ओठ काळे पडलेले. मला वाटलं, गेली.

तू तिला पाळण्यात पाहिलं होतंस. आता दहा वर्षांची आहे. इथली शाळा चौथीपर्यंत, म्हणून जूनपासून होडीने खाडीपलीकडे पाचवीला जाते. आणि शंकर, ती तुझ्यासारखीच अडखळते रे. शब्द ओठापर्यंत येतो आणि तिथेच बसकण मारतो. 'त' तर तिचा हाडवैरी, आणि आम्ही शहाण्यांनी नाव ठेवलं तुळसा! ती बोलायला लागण्याआधी हे कोणाला ठाऊक होतं?

होडी पलीकडे टेकली की पोरं आधी उड्या मारून उतरतात आणि उतरायच्या फळीसमोर आडवी उभी राहतात. "नाव सांग, मगे उतर." पूर्ण नाव, एका दमात. अडखळली की हसायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. ती रडायला लागली की होडी परत फिरते आणि ती होडीतच. मग अलीकडे येऊन काजूच्या बागेत बसून राहायची, शाळा सुटायच्या वेळेला घरी. मला वाटत होतं पोर शिकतेय! काल ओहोटी होती. तिने फळी सोडली आणि दुसऱ्या बाजूने पाण्यात उडी टाकली, शाळेत जायचं म्हणून. कमरेपर्यंत चिखलात रुतली. ती जितकी धडपडली तितकी आत गेली. गणपतने वल्हं पुढे केलं म्हणून आज मी तुला पत्र लिहितेय, नाहीतर तार केली असती.

आणि धक्क्यावर मोठी माणसं नव्हती असं समजू नकोस. विडी ओढणारे होते, मासळीवाल्या होत्या. रोज असतात. रोज बघतात, तेही हसतात.

या पोरांचा म्होरक्या कोण ते ओळख. बाळा गावकराचा मुलगा बाबली. होय, तोच बाळा. ज्याने तुला विहिरीवर अडवून पाण्याची घागर भरू दिली नव्हती, "शंकर म्हण, मगे भर" म्हणत. तू रिकामी घागर घेऊन आलास म्हणून आई तुलाच ओरडली होती.

काल रात्रभर माझा डोळा लागला नाही आणि आज सकाळपासून पाय थांबले नाहीत. शाळेत गेले. गुरुजी म्हणाले, शाळेच्या पायरीच्या आत माझी जबाबदारी, खाडी सरकारची. गणपतला विचारलं, तो म्हणाला, "माजा काम वल्हवूचा गो वयनी. पोरांक आवरूचा काम तेंच्या आवशी-बापाशीचा." मग आवशी-बापाशीकडे गेले. बाळा सोप्यावर जाळं विणत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "पोरांची मस्करी ती. शंकराची केली, शंकर काय मेलो?"

त्याच्या हाताशी कोयता होता, माझ्या हाताशी नव्हता, एवढंच त्याचं नशीब.

आणि घरी आले तर आमचे हे! गंगारामपंत! म्हणतात, "पोरांची भांडणा पोरां मिटवतत. आपण मधी पडलंव तर गावात वाकडेपणा येतलो." शंकर, हेच बाबा म्हणाले होते. जसंच्या तसं. तू तेव्हा दाराआड उभा होतास.

तुझी
आक्का


२१ नोव्हेंबर १९५७

चि. शंकर,

कार्ड आलं! तुझं कार्ड आलं! पोस्टमनला मी घावण आणि चहा देऊनच सोडलं. एकच ओळ लिहिलीस, पण लिहिलीस. "तुळसाला माझ्याकडे पाठव, इथे शाळा आहेत." तुळसाने ते कार्ड उशीखाली ठेवलंय. तिचा मामा छापखान्यात खिळे जुळवतो हे ऐकून तिला फार अप्रूप वाटतं. म्हणते, मामाला दिवसभर बोलावं लागत नाही, नाही का?

आता माझं उत्तर ऐक. नाही पाठवणार.

रागावू नकोस. तू मायेने लिहिलंस ते कळतं मला, वाचताना डोळे भरून आले. पण तू गेलास तेव्हा गावाने काय केलं? काहीच नाही. विहीर तीच राहिली, बाळा तोच राहिला, मोठा झाला, त्याला मुलगा झाला आणि मुलाने तोच खेळ होडीवर नेला. तुळसा गेली की फळी मोकळी होईल, मग कोणी तिरळं, कोणी लंगडं, कोणी काळं सापडेल. गावातली सगळी चांगली पोरं मुंबईला पाठवून द्यायची आणि गाव बाबलीला आंदण द्यायचं? माझं डोकं फिरलंय असं हे म्हणतात. फिरू दे.

इकडे मात्र अवघड झालंय. तुळसा शाळेचं नाव काढू देत नाही. नाताळच्या सुट्टीपर्यंत आली नाही तर पटावरून नाव काढावं लागेल असा गुरुजींनी निरोप पाठवलाय. ह्यांना तर सुटल्यासारखं झालंय. "चेडवाक चौथी खूप झाली," म्हणतात, जणू मुलीला तेवढंच पुरे. पोर दिवसभर सुंभ वळत बसते, एक अक्षर बोलत नाही. तिचं ते गप्प बसणं मला सहन होत नाही. तू असाच गप्प झाला होतास आणि मग एक दिवस बोटीत चढलास.

पण काल काय झालं ते सांगते, आणि हेच सांगायला आज बसलेय! जांभळकरांकडे गाय व्याली म्हणून देवळात नारळ ठेवला होता. दाजी गावकरांनी सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घातलं, आम्ही दहा-पाच माणसं "व्हय म्हाराजा" म्हणत होतो. आणि माझ्या कमरेशी उभी राहून तुळसा म्हणत होती. खणखणीत! एकदाही न अडखळता! सगळ्यांच्या आवाजात तिचा आवाज मिसळला की जीभ मोकळी होते तिची. मला एकदम तू आठवलास. जत्रेत सगळ्या गावात तुझं "व्हय म्हाराजा" मोठं असायचं, बाबा म्हणायचे, देवापर्यंत शंकरचंच पोचतं.

मी तिथेच उभी राहिले. गाय व्याली तर गाऱ्हाणं. भात पिकलं तर गाऱ्हाणं. कोणाला खोकला झाला तर गाऱ्हाणं. मग माझ्या मुलीचं का नाही? जत्रा पंधरवड्यावर आलीय. सगळा गाव तिथे असणार. मी नारळ ठेवणार आहे.

आक्का


३० नोव्हेंबर १९५७

चि. शंकर,

गेले होते. दाजींकडे! एकटी! ह्यांना न सांगता!

आता तू म्हणशील, आक्का, दाजी गावकर म्हणजे बाळाचा बाप, बाबलीचा आजा. वाघाच्या गुहेत कशाला गेलीस? अरे, पण गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा, दुसऱ्या कोणाचं तोंड तिथे चालत नाही. जायचं तर तिथेच जायला हवं.

दाजी आता म्हातारे झालेत. अंगणात उन्हाला बसले होते. मी नारळ पुढे ठेवला. "कसला गाऱ्हाणा?" म्हणाले. मी म्हटलं, "माज्या चेडवाक होडयेतसून उतराक देयनत नाय, तेचा."

दाजींनी नारळ हाताने बाजूला सरकवला. मग म्हणाले, "गो जानके, गाऱ्हाणा गुराढोराचा, पिकापाण्याचा, दुखण्याबाण्याचा. पोरांच्या मारामारीचा गाऱ्हाणा माज्या बापाशीन घालूक नाय, आज्यान घालूक नाय."

मी आधीच ठरवून गेले होते की रडायचं नाही. म्हटलं, "दरसाल तुमी म्हणतास, वाटेन जाणाऱ्या-येणाऱ्याची राखण कर म्हाराजा. माजा चेडू वाटेनच जाता मा? का खाडी ही वाट न्हय?"

"देवाक कित्याक मधी घालतंस? बाळाक सांग."

"सांगलंय. तो हसलो."

"मगे माका सांग."

"सांगतंय न्हय! आनि दाजीनू, देवाक काय माहीत नाय? तेका सांगूक गाऱ्हाणा नको. गावाक सांगूक व्हया. एकेकाक विचारलंय तर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवता. सगळे एका ठिकाणी उभे ऱ्हवतत ते फकत तुमच्या गाऱ्हाण्याक."

हे सगळं मी बोलले रे! दाजींसमोर गावातले पुरुषदेखील खाली मान घालतात! त्यांनी नारळ उचलला, कानाशी धरून हलवला, आत पाणी आहे का बघितलं. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. "ठेवन जा," एवढंच. मी निघाले तर मागून म्हणाले, "शंकराची घागर... तेवा मी हयच बसलेलंय." विहीर त्यांच्या अंगणासमोरच, तुला ठाऊकच आहे. मीही मागे वळून पाहिलं नाही.

आता काय करतील देव जाणे. नारळ घरच्या कालवणातही जाईल! मला झोप नाही, भूक नाही, पण शंकर, मला किती वर्षांत इतकं जिवंत वाटलं नव्हतं. तुळसाला काही सांगितलेलं नाही. नवं परकराचं कापड तेवढं आणलंय कुडाळच्या बाजारातून, जत्रेला घालायला.

आक्का


८ डिसेंबर १९५७

शंकर रे, शंकर!

कुठून सुरुवात करू? घाईघाईने लिहितेय, अक्षर लागलं नाही तर तुळसाला घेऊन ये म्हणजे वाचून दाखवेल. छे, काय लिहितेय मी!

काल जत्रा. उन्हं कलायच्या आधी ओट्या भरून झाल्या, पालखी निघायची होती. रवळनाथाच्या सभामंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. मिठबावपासून माहेरवाशिणी आल्या होत्या. पलीकडच्या गावचेही लोक होते, गुरुजीसुद्धा होते, नवी टोपी घालून. नारळांची रास पडली होती, त्यात माझा कोणता ते मला कळत नव्हतं. मी तुळसाचा हात इतका घट्ट धरला होता की ती म्हणाली, आ-आई, दुखतं.

दाजी उभे राहिले. नेहमीप्रमाणे सुरू केलं. "बा देवा रवळनाथा, तुजी लेकरां तुज्या पायाकडे जमली हत, तेंची चाकरी मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"भातशेती, माडपोफळ, दर्यावर गेलेले, मुंबैक गेलेले, सगळ्यांची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तुला ठाऊक आहे लोक कसे म्हणतात ते. अर्धे लोक मागे वळून खाजं कुठल्या दुकानात चांगलं मिळतं ते बघत असतात, दाजींचा आवाज 'म्हाराजा'वर चढला की तोंड आपोआप उघडतं. बाळा तर अगदी पुढे, मानकऱ्याचा मुलगा म्हणून छाती काढून, सगळ्यांत मोठ्याने. मग दाजींनी एक नारळ उचलला, कानाशी हलवला.

"ह्या गावातली पोरां होडयेन शाळेक जातत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेतूर एका चेडवाची जीभ अडाकता, आनि बाकीची तेका उतराक देयनत नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्या पोरांचो म्होरको माज्याच घरातलो आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आणि सगळ्यांत मोठा आवाज बाळाचा! शंकर, मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना!

"जेचा पोर दुसऱ्याच्या पोराक छळात, तेच्या आवशी-बापाशीन तेका हाताक धरून त्या घराकडे न्हेवचा. आनि जो मोठो माणूस बघून गप ऱ्हवात, तो तितकोच दोषी रे म्हाराजा!"

"व्हय म्हा—"

आता कुठे लोकांच्या कानात शिरलं. 'राजा' अर्ध्यांच्या घशातच राहिलं. बाळाचं तोंड उघडंच. "बाबानू," तो म्हणाला, "ह्या काय बोललास?"

"मी बोललंय. तू व्हय म्हटलंस."

"म्या आयकूक नाय! असोच म्हटलंय!"

"देवासमोर असोच म्हणतंस?" दाजी म्हणाले. मग सगळ्यांकडे वळले. "बरा. आयकूक नाय म्हणतास, तर परत सांगतंय. आता आयकान म्हणा." आणि तेच वाक्य त्यांनी पुन्हा म्हटलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

गुरुजी टोपी नीट करायला लागले. धक्क्यावरचे विडीवाले खांबाआड सरकले. मी तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. मी, जी एवढी दाजींशी भांडून आले! मला वाटलं, गेलं, सगळं गेलं, पोरीची मात्र गावासमोर शोभा झाली.

आणि पुरुषांच्या बाजूने एक आवाज आला. "व्हय म्हाराजा!"

कोण असेल? आमचे हे! गंगारामपंत! ज्यांना गावात वाकडेपणा नको होता ते! मान ताठ, कानशिलं लाल, देवाकडे बघत. त्यांना नारळाचं काहीच माहीत नव्हतं रे. मागून गणपत होडीवाला, "व्हय म्हाराजा!" मग ओटीच्या रांगेतल्या बायका, मासळीवाल्या, सगळ्या. मग सगळा मंडप. आणि माझ्या शेजारून, नव्या परकरातून, तुळसा. एकदाही न अडखळता. बाळाचे ओठ हललेले मी पाहिले. आवाज निघाला की नाही त्याची शपथ घेणार नाही, पण ओठ हलले.

घरी येताना ह्यांनी तुळसाला खांद्यावर घेतलं, दहा वर्षांच्या घोडीला! आज सकाळी होडीवर तिच्याबरोबर स्वतः गेले.

आक्का


१९ डिसेंबर १९५७

चि. शंकर,

काल बाळा आमच्या दारात आला. बाबलीचा हात धरून.

सगळी वाडी कुंपणाआडून बघत होती. बाबलीच्या हातात नवी पाटी होती, तुळसाची खाडीत गेली त्याच्या बदली. त्याने ती तिच्यासमोर धरली आणि जमिनीकडे बघत उभा राहिला. तुळसाने घेतली. 'बरं' म्हणायला तिला वेळ लागला, तोवर तो पोरगा थांबला. मी मोठ्या माणसांनाही तेवढं थांबताना पाहिलेलं नाही.

बाळाला मी पाट दिला, चहा दिला. देताना माझे हात काही फार मायेचे नव्हते, खोटं कशाला सांगू. चहा निम्मा झाल्यावर त्याने विचारलं, "शंकर कसो आसा?"

मी म्हटलं, "मेलो नाय."

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "माका तेवा कोणी हाताक धरून तुमच्या घराकडे आणूक नाय, जानके." आणि उठला. जाताना बाबलीचा हात त्याने पुन्हा धरला. रस्ता सरळ होता, धरायची गरज नव्हती.

सगळं साखरेसारखं गोड झालंय असं नाही हं. दोन मुली अजून तोंड दाबून हसतात. पण आता होडी पलीकडे टेकली की गणपत वल्हं आडवं धरतो आणि आधी तुळसा उतरते, मग बाकीचे. कोणी फिसकन हसलं की ओरडतो, "दाजींक सांगू?" धक्क्यावरच्या मासळीवाल्या तर आता पोलीसच झाल्यात! आणि तिचं नाव पटावर शाबूत आहे.

आता तुझं. तुळसाने मला हे लिहायला सांगितलंय, शब्द तिचे आहेत: "मामा, शिमग्याला ये. देवळात पुन्हा गाऱ्हाणं असतं. तू माझ्या शेजारी उभा राहा. येणार असशील तर लांबलचक पत्र लिहू नकोस, तुला काम असतं. व्हय म्हाराजा एवढंच लिही."

मी यात काही घालत नाही. मला रडू येतंय आणि कालवण पुन्हा करपतंय.

आक्का


मुंबई
२ जानेवारी १९५८

ती. आक्कास,

तुळसाला वाचून दाखव.

व्हय म्हाराजा.

लिहिण्याआधी खोलीत मोठ्याने म्हणून पाहिलं. एकट्याने म्हणताना अडखळलो. तिथे सगळ्यांबरोबर म्हणेन.

शंकर